थायलंडला इंग्रजी शिकवायला निघालात? पैसे कुठे बुडतात ते आधी वाचा

एजंटच्या नादाने माझे किती गेले ते आकडे आधी सांगते, म्हणजे ‘असे किती गेले असतील’ असं कुणी विचारायला नको. नोंदणी ५,९००. एकशेवीस तासांचा टेफल, म्हणजे परक्यांना इंग्रजी शिकवण्याचा, कोर्स २४,०००. प्लेसमेंट ७५,०००. कागदपत्रांचं साक्षांकन १८,५००. वर्क परमिट फी २२,०००. एकूण १,४५,४०० रुपये, सगळे इथे भारतात दिलेले. बँकॉकला उतरल्यावर खोलीसाठी २१,००० बाट, ते वेगळे.

एजंट कसा गोड बोलतो, ग्रुपवर आधीच्या बॅचचे फोटो कसे टाकतो, ‘ताई, दोनच जागा राहिल्यात’ कसं म्हणतो, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यात वेळ घालवत नाही. मुद्दा असा, की ही फसवणूक पैसे घेऊन संपत नाही. ती तुम्हालाच कायद्याच्या चुकीच्या बाजूला नेऊन उभी करते. मग तक्रार करायला तोंडच राहत नाही.

सुरुवात व्हिसापासून. थायलंडमध्ये शिकवायचं तर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो. त्यासाठी शाळेचं नेमणूक पत्र, शाळेची नोंदणी, शिक्षण खात्याकडच्या मंजुरीचं पत्र असे कागद शाळेनेच पाठवायचे असतात. एजंटचं म्हणणं, ‘भारतीयांना व्हिसाच लागत नाही, आत जा, तिथे कन्व्हर्ट होतो.’ यात अर्धं खरं आहे, म्हणून तर गळी उतरतं. जुलै २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहायची सवलत मिळाली, पण ती पर्यटकाची. देशात राहून व्हिसाचा प्रकार बदलता येतो हेही खरं, पण त्यालाही शाळेचे तेच सगळे कागद लागतात, आणि मुळात तेच नसतात.

आता ते ऑफर लेटर. आजही आठवलं की हात शिवशिवतात. लेटरहेड एका खाजगी भाषाकेंद्राचं, आणि वर मधोमध लाल गरुड. गरुड हे थाई सरकारचं चिन्ह, सरकारी पत्रांवर असतं. राजाच्या परवानगीने तो लावायचा मान काही जुन्या कंपन्यांना आहे, पण गल्लीतल्या क्लासला कोण देणार? खाली तारीख इंग्रजी महिन्यात, सन २०२५. थाई सरकारी कागदावर बौद्ध सन असतो, म्हणजे २०२५ ला २५६८. एकाच कागदावर सरकारी चिन्ह आणि बिनसरकारी तारीख! कंपनीचा तेरा आकडी नोंदणी क्रमांक कुठेच नाही. हे सगळं पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होतं. पण नोकरीच्या पहिल्या पत्रावरचा गरुड खरा की खोटा हे कोण तपासत बसतं? शिक्का दिसतो, पगार ३५,००० बाट दिसतो, बस.

दुसरी खूण वर्क परमिटच्या २२,००० रुपयांची. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी नाव दिसतं ना, तिथे कंपनीचं नाव नव्हतं, एका बाईचं होतं. विचारल्यावर उत्तर तयार, ‘अकाउंट्सवाल्या मॅडम आहेत.’ पावती मागितली तर ‘करिअर गायडन्स’ची आली. प्लेसमेंट हा शब्द एकाही पावतीवर नाही, आणि पुढे पोलिसांत नेमकं हेच नडलं. वर्क परमिट भारतातून निघतच नाही. तो तिकडच्या रोजगार खात्यातून निघतो, मालकाच्या कागदांवर. वर्षाची सरकारी फी ३,००० बाट आणि अर्जाचे १००. नीट शाळा असेल तर बहुतेकदा तीच भरते.

साक्षांकनाचे १८,५०० तर अक्षरशः पाण्यात गेले. पदवीवर अपॉस्टिल, म्हणजे एका आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारा साक्षांकनाचा शिक्का, मारून दिलं. त्याचं सरकारी शुल्क ५० रुपये, आणि थायलंड त्या करारात नव्हता, त्यामुळे उपयोग शून्य. तिथे लागायची ती राज्याची सही, मग परराष्ट्र मंत्रालयाची, मग थाई वकिलातीची. टेफलचंही तसंच. वर्क परमिटला ते कायद्याने लागत नाही. लागते ती पदवी, आणि आपण ‘नेटिव्ह’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या, यादीत नाही म्हणून टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण. टोइकला साधारण ६०० च्या वर मागतात. नियमित शाळेत शिकवायचं तर शिक्षक परिषदेची, म्हणजे खुरुसपाची, तात्पुरती परवानगीही शाळा काढते. या परीक्षेबद्दल एजंटने चकार शब्द काढला नाही. काढला असता तर निम्मी गिऱ्हाइकं गळाली असती.

तिथे हातात काय पडतं? ३५,००० च्या पगाराऐवजी २२,००० बाट रोख, पाकिटात, सही नाही. परमिट ‘प्रोसेसमध्ये’. परमिटशिवाय वर्गात उभं राहिलं की दंड ५,००० ते ५०,००० बाट आणि हकालपट्टी, हे मात्र कुणी सांगत नाही.

खोलीचं भाडं महिना ७,०००. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक आगाऊ, असे २१,०००. ही तिथली रीतच, त्यात वावगं काही नाही. पण तो माणूस घरमालकच नव्हता. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत मालकाने इमिग्रेशनकडे तशी नोंद, म्हणजे टीएम-३०, करायची असते, ती झालीच नाही. ती नसली की इमिग्रेशनच्या खिडकीवर मुदतवाढीचा अर्ज परत करतात. म्हणून किल्ली घेतानाच टीएम-३० ची पावती मागा, मालकाच्या ओळखपत्राची प्रत घ्या, विजेच्या मीटरचा फोटो काढा. ७-८ बाट युनिट लावतात, सरकारी दर चार-पाचाच्या आसपास असतो.

आणि आपली कार्यालयं! एका ठिकाणी म्हणाले, ‘घटना परदेशात घडली.’ पैसे कोथरूडमध्ये दिलेत हो! दुसरीकडे, ‘तुम्ही राजीखुशीने पाठवले, हे सायबरमध्ये बसत नाही.’ तिसऱ्याने पावत्या चाळल्या, ‘गायडन्स तर मिळालं ना? दिवाणी दावा करा.’ चौथ्याने पासपोर्ट बघून सांगितलं, पदवीधर आहात, तुम्हाला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जायची सरकारी परवानगी, लागत नाही, म्हणजे आमचा विषय नाही. अहो, क्लिअरन्स मला लागत नसेल, पण परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या कायद्याने परवाना लागतो की नाही? त्यावर, ‘अर्ज देऊन जा.’ अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारे साहेब जेवायला गेलेले. वर एकाचा शेरा, ‘मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या.’ शिकलेल्याच होतो, म्हणून तर शिकवायला निघालो होतो.

फिर्याद घेत नसतील तर तोंडी वाद घालू नका. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहून अर्ज करा आणि तोच पोलिस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात स्पीड पोस्टाने पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. खातं गोठवून पैसे वाचण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त.

पैसे द्यायच्या आधी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा परवाना क्रमांक घालून बघा. परवानाधारकालाही सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे ७५,००० हा आकडा ऐकताच उठायला हवं होतं, पण ही मर्यादा जाहिरातीत कुणी छापत नाही आणि सरकार ओरडून सांगत नाही. शाळेला तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करा, ऑफर लेटरवरच्या नंबरवर नको. बँकॉकची ‘नोकरी’ उतरल्यावर गाडीने म्यानमारच्या सीमेवरच्या माए सोतकडे वळली तर गाडीतून उतरा. पलीकडे म्यावाडी आहे, सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांचं गाव, आणि तिथून लोक कसे परत आणावे लागले ते बातम्यांत वाचलंच असेल.

आणि आधीच अडकला असाल तर व्हिसाशिवाय राहायची मुदत संपायच्या आत निघा. मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. नव्वद दिवसांपर्यंत उशीर झाला असेल आणि स्वतःहून विमानतळावर गेलात तर दंड भरून सुटता. त्यापुढे किमान वर्षभराची बंदी, आणि मुदत उलटल्यावर देशात पकडले गेलात तर किमान पाच वर्षांची. एजंट म्हणेल ‘थांबा, परमिट येतंय.’ तिकीट काढा.