चाळीस दिवस दार बंद, की बाराव्या दिवशी बारसं?

सून किंवा जावई आर्मेनियन असलेल्या मराठी घरात बाळाची चाहूल लागली की हा प्रश्न सातव्या-आठव्या महिन्यातच उभा राहतो. इकडच्या आजीने बाराव्या दिवसाचा बेत मनाशी पक्का केलेला असतो: पाळणा, घुगऱ्या, नाव ठेवायला आत्या. तिकडची आजी आर्मेनियातल्या येरेवानहून सांगते, चाळीस दिवस बाळ बाहेरच्या कोणाला दाखवायचं नाही. दोघी बाळाच्या भल्यासाठीच बोलत असतात. ठरवायचं मात्र आईवडिलांना असतं, म्हणून दोन्ही रीती आधी मुळापासून समजून घेतलेल्या बऱ्या.

आर्मेनियन लोक या काळाला कारासुन्क म्हणतात. चाळीस दिवस आई आणि बाळ घरातच राहतात, पाहुणे येत नाहीत, आणि शेवटी दोघांना चर्चमध्ये नेऊन पाद्री आशीर्वाद देतो. त्याआधी आईने चर्चमध्ये पाऊल ठेवायचं नाही, असा जुना दंडक. त्याचं मूळ बायबलच्या जुन्या करारात आहे. तिथे मुलगा झाला तर चाळीस दिवस आणि मुलगी झाली तर ऐंशी दिवस विटाळ सांगितला आहे. येशूलाही असंच चाळिसाव्या दिवशी मंदिरात नेलं होतं. आर्मेनियन चर्चचा नाताळ ६ जानेवारीला असतो, म्हणून त्या घटनेचा सण १४ फेब्रुवारीला येतो. तिथल्या माणसाला चाळीस हा आकडा कोणी समजावून द्यावा लागत नाही.

गावाकडच्या श्रद्धा याहून गडद होत्या. ‘अल’ नावाची शक्ती बाळंतिणीचं काळीज काढून नेते, अशी भीती असे. तिला अडवायला उशाखाली सुरी, कात्री नाहीतर लोखंडी सळई ठेवत, रात्री दिवा मालवत नसत. चाळीस दिवस पुरे न झालेल्या दोन बाळंतिणींनी एकमेकींना भेटायचं नाही, असाही नियम होता. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा-कोयता ठेवायचे आणि पाचवी-सहावीला सटवाई पुजायचे, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना यातलं काही परकं वाटणार नाही.

पण या सगळ्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती एकच गोष्ट. त्या चाळीस दिवसांत बाळंतिणीला एकटं सोडत नसत. निमित्त अलचं असेल, पण सासू, आई, जावा, सुईण यांपैकी कोणीतरी सतत तिच्यापाशी असे. भाजलेल्या पिठात लोणी आणि साखर घालून केलेलं खावित्स तिला खायला देत. म्हणजे दार बाहेरच्यांना बंद आणि घर आतून माणसांनी भरलेलं. शिवाय बंदीही दिसते तितकी सरसकट नव्हती: जुन्या रिवाजाप्रमाणे बाप्तिस्मा आठव्या दिवशी होई, बाळाला धर्मपिता चर्चमध्ये घेऊन जाई आणि आई मात्र घरीच राही.

सोव्हिएत काळात सरकारी प्रसूतिगृहांनी आपली वेगळीच बंदी आणली. तिथे नातेवाइकांना आत प्रवेशच नसे. बाप खाली अंगणात उभा राहायचा आणि आई वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बाळ दाखवायची. बाळंही आईजवळ न ठेवता वेगळ्या खोलीत ठेवत आणि ठरल्या वेळी दूध पाजायला आणून देत. जंतुसंसर्ग टळावा हा हेतू होता, पण या बंदीने आईची सोबतच काढून घेतली. दोन बंदींमधला हा फरक लक्षात ठेवा, पुढे निर्णयाला तोच उपयोगी पडेल.

आता आपली बाजू. आपल्याकडे पाहुण्यांना चाळीस दिवस मोकळं रान असतं, असं समजणं चुकीचं आहे. दहा दिवस सुवेर, आणि पुढे सव्वा महिना बाळंतीण माहेरी: शेक-शेगडी, धुरी, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू. सव्वा महिना म्हणजे साधारण चाळीसच दिवस झाले. आई दोन्हीकडे तेवढेच दिवस जपली जाते. फरक पडतो तो बाराव्या दिवशी. त्या दिवशी आपण बाळाला पाळण्यात घालतो आणि सगळा गोतावळा बोलावतो. ‘कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या’ म्हणताना बाळ हातोहाती फिरतं, प्रत्येक जण गालाला हात लावतो, कोणी मुका घेतो, कोणाला सर्दी झालेली असते.

डॉक्टरांचं म्हणणं आर्मेनियन आजीच्या बरंच जवळ जातं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर तो साधा धरत नाहीत, लगेच तपासणी करावी लागते. मोठ्यांच्या ओठावरचा साधा फोड बाळाला मुक्यातून गेला तर जिवावर बेतू शकतं. डांग्या खोकल्याची पहिली लस आपल्याकडे सहाव्या आठवड्यात मिळते, म्हणजे बेचाळिसाव्या दिवशी. तोवर बाळाला आधार असतो तो आईने गरोदरपणात डांग्या खोकल्याची लस घेतली असेल तर तिचा. पहिल्या डोसानेही पूर्ण संरक्षण मिळत नाही, तेव्हा एक्केचाळिसाव्या दिवशी सगळं सुरक्षित झालं असं मानू नये. तरी गर्दी टाळायला सर्वांत गरजेचे दिवस हेच, आणि या बाबतीत मी कारासुन्कच्या बाजूने आहे.

रिवाजाचा आणखी एक फायदा मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे ‘आत्ता येऊ नका’ हे बाळंतिणीला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं. टाके दुखत असताना, दूध नीट उतरत नसताना, झोप झालेली नसताना चुलत सासूबाईंना नाही म्हणायचं, आणि मग पुढची दहा वर्षं ते ऐकायचं. आर्मेनियन घरात ते ‘नाही’ रीतच म्हणते. कोणी रुसत नाही, कारण त्यांच्याही घरी तेच झालेलं असतं. आणि शेवटचा दिवस आधीच ठरलेला असतो, म्हणून वाट पाहणाऱ्याचाही मान राहतो.

तरीही ही रीत जशीच्या तशी उचलू नये. बाळाच्या अंगाला मीठ चोळायची जुनी पद्धत होती, ती पूर्णपणे सोडा. नवजात बाळाच्या त्वचेतून मीठ आत शिरून रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं. पाळण्यात लोखंडही नको, उशीही नको. घट्ट बांधून ठेवायची सवय खुब्यांना वाईट, पाय हलायला जागा हवी. आणि चाळीस दिवस घराबाहेर पाय नाही, हे आईला अजिबात लावू नका. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत किमान चार तपासण्या सांगते. पहिल्या आठवड्यात काविळीसाठी बाळाला बघावं लागतं, आणि आईला उन्हात दोन पावलं चालणं चांगलंच. विटाळाची कल्पना तर मला दोन्ही परंपरांत नकोशी वाटते. बाई नुकती मरणाच्या दारातून आलेली असते, तिला अपवित्र म्हणायला जीभ कशी रेटते?

मग निवड कशी करायची? आधी आत कोण आहे ते बघा, बाहेर कोणाला थांबवायचं ते नंतर. आई किंवा सासू महिनाभर घरात राहणार असेल, तर चाळीस दिवस दार निर्धास्त बंद ठेवा. पण नवरा-बायको दोघंच परगावी किंवा परदेशी फ्लॅटमध्ये असतील आणि त्याची सुट्टी दोन आठवड्यांत संपणार असेल, तर बंद दारामागे ती बाई दिवसभर एकटी पडेल. बाळंतपणानंतरच्या नैराश्याला एकटेपणा खतपाणी घालतो. अशा घरात दोन-तीन माणसं नेमून द्या. तीच तीच यावीत, आजारी असतील त्या दिवशी येऊ नयेत, हात धुऊन कामाला लागावीत: डबा आणावा, भांडी घासावीत, आई झोपेल तेवढा वेळ बाळ सांभाळावं. चेहरे रोज बदलले तर संसर्गही वाढतो आणि चहा करायचं कामही.

बारशाचं काय? नाव बाराव्या दिवशीच ठेवा, त्यात अडचण काहीच नाही. घरातली चार माणसं, पाळणा, कानात नाव, आणि दूरच्या आत्याला व्हिडिओ कॉल. मोठा समारंभ लस घेऊन झाल्यावर, दुसरा महिना संपताना करा. तोवर तिकडचा चर्चमधला आशीर्वादही झालेला असतो, आणि दोन्ही कुटुंबांना एकत्र जेवायला बसता येतं. तेव्हाही बाळ हातोहाती फिरवू नका, मुके तर नकोतच.

हे सगळं बाळ जन्मण्याआधी ठरवा, आणि मराठी नातेवाइकांना मराठी बाजूच्याने सांगावं, आर्मेनियन नातेवाइकांना आर्मेनियन बाजूच्याने. परक्या घरातून आलेल्या सुनेच्या किंवा जावयाच्या तोंडून हा नियम गेला की तो अपमान ठरतो. स्वतःच्या मुलाने किंवा मुलीने सांगितला की आजी थोडी कुरकुरते आणि मग शेजारच्यांना तीच बजावते, चाळीस दिवस कोणी यायचं नाही म्हणून.