फाइल, फोल्डर, डिरेक्टरी की संचिका? मराठीत लिहिणाऱ्यासाठी तुलना

संगणकाची ओळख करून देणारं पुस्तक मराठीत लिहायला घ्या किंवा एखाद्या अ‍ॅपचं मराठीकरण करायला घ्या, पहिल्या पानावरच अडायला होतं. ‘फाइल’ म्हणायचं की ‘संचिका’? ‘फोल्डर’, ‘डिरेक्टरी’ की ‘निर्देशिका’? मी ही दोन्ही कामं केली आहेत आणि शब्द आधी न ठरवता सुरुवात केल्यामुळे लिहून झालेली पानं पहिल्यापासून पुन्हा तपासलीही आहेत. निवड करताना काय पाहावं, ते त्या अनुभवातून सांगतो.

‘फाइल’चा निकाल लवकर लागतो. संगणक यायच्या कितीतरी आधीपासून हा शब्द आपल्या तोंडात आहे. फाइल साहेबांच्या टेबलावर अडकते, पुढे सरकते, एकदाची बंद होते. आपण तिच्या ‘फायली’ करतो, कागद ‘फायलीत’ लावतो. ज्या शब्दाला असं सामान्यरूप फुटलं, तो मराठी झाला. सरकारी कामकाजात तिला ‘नस्ती’ म्हणतात, पण नस्ती म्हटली की टिपण्या, शेरे, सह्या असा सगळा कारभार डोळ्यांपुढे येतो. मोबाइलमधल्या गाण्याला नस्ती म्हणवत नाही.

‘संचिका’ तशी अनोळखी नाही. मराठी विकिपीडियावर ‘संचिका चढवा’ हा दुवा अनेकांनी पाहिला असेल. तिची अडचण व्याकरणाची आहे. आकारान्त स्त्रीलिंगी तत्सम शब्द अनेकवचनात बदलत नाही: एक संचिका, दहा संचिका. पूर्ण वाक्यात क्रियापद सांभाळून घेतं, ‘संचिका उघडली’, ‘संचिका उघडल्या’. बटणावर मात्र ‘संचिका निवडा’ एवढंच लिहायला जागा असते आणि मग एक निवडायची की अनेक, हे कळायला मार्ग उरत नाही. ‘फाइल निवडा’ आणि ‘फायली निवडा’ यांत तो घोळ होत नाही. अ‍ॅपच्या कामात मी याच एका कारणासाठी संचिका सोडली.

खरा विचार करावा लागतो तो फोल्डर आणि डिरेक्टरीपाशी. बहुतेक वेळा वस्तू एकच असते, तिच्याकडे पाहण्याच्या तऱ्हा दोन. डिरेक्टरी ही टेलिफोन डिरेक्टरीसारखी यादी आहे: नाव, आणि नावापुढे नंबर. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद १६ बाइटची होती. २ बाइट आयनोड क्रमांकाला, म्हणजे डिस्कवर फाइल ओळखायच्या नंबराला, १४ नावाला. फाइलमधला मजकूर त्या यादीत नसतोच. १९८३ साली एमएस-डॉस २.० मध्ये एकात एक डिरेक्टरी करायची सोय आली आणि ‘एमडी’ (नवी डिरेक्टरी कर), ‘सीडी’ (दुसरीत जा) या आज्ञा पीसीवर काम करणाऱ्यांच्या बोटांत बसल्या. फोल्डर आला तो ऑफिसच्या टेबलावरून. १९८१ चा झेरॉक्स स्टार हा संगणक, मग १९८४ चा मॅकिंटॉश, आणि पडद्यावर पुठ्ठ्याच्या फोल्डरचं चित्र. विंडोज ३.१ च्या फाइल मॅनेजरमध्ये डिरेक्टरी हाच शब्द होता. विंडोज ९५ ने तिथे फोल्डर आणला.

हा फरक शिकवताना जाणवतो. वर्गात ४ जीबीचा सिनेमा एका फोल्डरातून त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरात हलवून दाखवा. क्षणात होतं. तोच पेन ड्राइव्हवर न्यायला काही मिनिटं लागतात. मुलं लगेच विचारतात, असं का? फोल्डर म्हणजे पेटी, एवढंच सांगितलं असेल तर उत्तर देता येत नाही. यादी म्हटलं की कोडं सुटतं: पहिल्या वेळी नोंद इकडची खोडून तिकडे लिहिली, दुसऱ्या वेळी अख्खा मजकूर उतरवून घ्यावा लागला. लिनक्सवर याहून पुढे जाता येतं. ‘एलएन’ या आज्ञेने एका फाइलला दुसरं नाव द्या आणि ‘एलएस -आय’ करून बघा. दोन्ही नावांपुढे आयनोड क्रमांक तोच दिसेल. एक नाव पुसलं तरी दुसऱ्या नावाने मजकूर जागेवर असतो. यादी पाहणाऱ्याला यात नवल वाटत नाही, पेटी पाहणारा गोंधळतो.

उलट बाजूही आहे. विंडोजमधला रीसायकल बिन फोल्डरसारखा उघडतो, पण त्यात दिसणाऱ्या फायली वेगवेगळ्या ड्राइव्हवरच्या असू शकतात. डिस्कवर त्यांची मिळून एक डिरेक्टरी नसते. तिथे फोल्डरच म्हणायला हवं.

आता मराठी पर्याय. अर्थाला सर्वांत चपखल ‘निर्देशिका’, कारण दूरध्वनी निर्देशिका आपण आधीच म्हणतो. ‘संचयिका’ फोल्डरसाठी लिनक्सच्या मराठी भाषांतरांत आढळते, पण संचिका आणि संचयिका यांत एका अक्षराचं अंतर; घाईने वाचणाऱ्याची चूक व्हायचीच. ‘धारिका’ तर मी टाळाच म्हणेन. एका संस्थेची टिपणं तपासताना एका प्रकरणात धारिका म्हणजे फाइल आणि पुढच्यात धारिका म्हणजे फोल्डर, असं सापडलं. विद्यार्थ्याने काय समजायचं? पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असतात, त्या ‘रुमाला’चा मला मोह आहे, उपमा म्हणून तो जरूर सांगावा, मेनूत घालू नये.

लेखनाचंही ठरवून टाका. ‘फाइल’ आणि ‘फाईल’ दोन्ही चालतात, पण शोधाच्या चौकटीत ते दोन वेगळे शब्द आहेत. एक घ्या आणि सगळीकडे तोच ठेवा.

वाचक शाळेतला, घरचा किंवा ऑफिसमधला असेल तर फाइल आणि फोल्डर. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, काम करणारा असेल तर फाइल आणि डिरेक्टरी. नवी डिरेक्टरी करायच्या ‘एमकेडिर’ या आज्ञेतला ‘डिर’ रोज समोर असताना तिथे दुसरा शब्द घातला तर वाचकाला प्रत्येक आज्ञेपाशी मनात भाषांतर करावं लागतं. निर्देशिका डिरेक्टरीचा अर्थ सांगताना पहिल्यांदा एकदा येऊ द्या. पुस्तकात दोन्ही येणार असतील तर टर्मिनल उघडेपर्यंत फोल्डर चालवा, त्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर सांगा की यालाच इथे डिरेक्टरी म्हणतात, आणि तिथेच दोन नावं, एक आयनोड हा प्रयोग वाचकाकडून करून घ्या.