चेर्वेतेरी की तारक्वीनिया? रोमहून एकच दिवस हाताशी असेल तर

रोमला निघालेले मित्र आणि नातेवाईक अलीकडे मला एक प्रश्न हमखास विचारतात. कलोसियम, फोरम, व्हॅटिकन, पॉम्पे हे सगळं आखून झालेलं असतं, एखादा दिवस मोकळा उरतो आणि रोमनांच्या आधी तिथे नांदणाऱ्या एट्रुस्कनांचं काहीतरी पाहायची ओढ असते. मग नकाशावर एट्रुस्कन दफनभूमींची दोन गावं समोर येतात, चेर्वेतेरी आणि तारक्वीनिया. गाडी भाड्याने घेतली तर दोन्ही धावतपळत उरकता येतील. पण ज्या लोकांनी मृतांसाठी आख्खी नगरं वसवली, त्यांच्या दारी घड्याळ बघत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. तेव्हा एकच निवडा.

मी तारक्वीनियाला आधी एकटा गेलो होतो. दोन वर्षांनी आईला घेऊन पुन्हा रोमला जाणं झालं, तेव्हा हाताशी एकच दिवस होता आणि निवड मलाच करायची होती. मी चेर्वेतेरी निवडलं. का, ते सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या दोहोंत चुकीची निवड अशी नाहीच. युनेस्कोने २००४ साली दोन्ही दफनभूमी एकाच नोंदीत जागतिक वारशात घेतल्या, कारण एकीचं म्हणणं दुसरीशिवाय अपुरं राहतं. एट्रुस्कन लोक भाषेच्या हिशेबाने लॅटिन, ऑस्कन, उंब्रियन बोलणाऱ्या इटालिक लोकांत बसत नाहीत, त्यांच्या भाषेचं कूळच वेगळं. पण रोमचा इतिहास त्यांना वगळून सांगता येत नाही. परंपरेनुसार रोमचा पाचवा राजा लुसियस तारक्विनियस प्रिस्कस आपल्या तानाक्विल या बायकोसह तारक्वीनियाहूनच आला. आणि गॉल टोळ्यांनी रोम लुटलं तेव्हा वेस्टा देवीच्या पुजारणी पवित्र वस्तू घेऊन आसऱ्याला गेल्या त्या काएरेला, म्हणजे आजच्या चेर्वेतेरीला.

तारक्वीनियाकडे जे आहे ते चेर्वेतेरीकडे नाही, ते म्हणजे रंग. तिथल्या मोन्तेरोत्सीच्या पठारावर सुमारे ६००० थडगी आहेत, त्यातली २०० च्या आसपास चित्रांनी रंगवलेली. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या बिबट्यांच्या थडग्यात मेजवानी चालू आहे. माणसं पलंगांवर रेलली आहेत, पुरुष तांबूस रंगाचे, बायका गोऱ्या, एकाच्या हातात अंडं, बाजूच्या भिंतीवर जोडपावा आणि तंतुवाद्य वाजवत चाललेले कलाकार. बायका पुरुषांच्या शेजारी बसून पितात, हे ग्रीकांना भारी खटकायचं. त्याहून जुन्या, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरच्या शिकार आणि मासेमारीच्या थडग्यात समुद्र आहे, उसळणारे डॉल्फिन आहेत, गोफणीने पाखरं टिपणारा माणूस आहे आणि खडकावरून पाण्यात सूर मारणारा एक पोरगा आहे. पुढच्या काळातल्या थडग्यांत याच भिंतींवर निळे-काळे यमदूत येतात. ऐन भरातल्या माणसांचा परलोकाबद्दलचा विश्वास कसा काळवंडत गेला, ते तिथे पायऱ्या उतरत उतरत बघता येतं. चित्रकलेसाठी जाणार असाल तर तारक्वीनियाला तोड नाही, हे मी कुणापुढेही कबूल करीन.

पण आता त्या काचेबद्दल बोलायला हवं.

तारक्वीनियात पाहता येणाऱ्या प्रत्येक थडग्यावर एक छोटी खोपटीवजा खोली बांधलेली आहे. आत शिरलं की उभ्या चढणीचा जिना जमिनीत उतरतो. तळाशी पोहोचल्यावर समोर दार, आणि दारात काच. आत जाता येत नाही. भिंतीवरचं बटण दाबलं की आत दिवा लागतो, थोडा वेळ टिकतो आणि विझतो. मी गेलो त्या दिवशी काचेवर दमट वाफ धरली होती आणि दिवा लागला की त्या वाफेत आधी माझाच चेहरा उमटायचा. डोळे काचेला भिडवले तर श्वासाने आणखी धुकं. नजर जरा स्थिरावते न स्थिरावते तोवर अंधार. परत बटण दाबावं तर मागे जिन्यावर चार माणसं ताटकळत उभी, त्यांनाही तेच बघायचंय. तो सूर मारणारा पोरगा आतल्या दुसऱ्या खोलीत, बाजूच्या भिंतीवर आहे. त्याच्यासाठी मी मुद्दाम आलो होतो. तीनदा दिवा लावला, मान जमेल तेवढी तिरपी केली, आणि तो मला धड दिसला नाही. वर येऊन उन्हात उभा राहिलो तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. पुस्तकातल्या फोटोत मी त्याला याहून कितीतरी नीट पाहिलं होतं.

काच हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माणसाचा श्वास आणि अंगाची ऊब आत गेली की ओलावा बदलतो आणि अडीच हजार वर्षं टिकलेला रंग सुटू लागतो. आपण अजिंठ्याला जातो तेव्हा मंद प्रकाशात पद्मपाणीसमोर उभं राहताना हेच भान ठेवतो. उलट अजिंठ्याच्या चित्रांच्या जपणुकीत इटलीचाही हात आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांच्या सहकाऱ्याला बोलावून सुटू लागलेली चित्रं घट्ट बसवून घेतली होती. वर दिलेलं रोगण पुढे पिवळं पडलं आणि ते काढायला नंतरच्या लोकांना फार कष्ट पडले, तरी पडझड थांबली हेही खरं. तेव्हा जपणूक म्हणजे काय ते आपल्याला कळतं. फक्त अजिंठ्यात आपण खोलीच्या आत असतो आणि चित्रं आपल्या चहूबाजूंनी असतात. तारक्वीनियात आपण दाराबाहेरचे पाहुणे.

हा सल थोडा भरून निघतो तो गावातल्या संग्रहालयात. पंधराव्या शतकातल्या विटेल्लेस्की वाड्यात काही थडग्यांची चित्रं भिंतींवरून उतरवून आणून ठेवली आहेत. त्रिक्लिनियमच्या, म्हणजे भोजनकक्षाच्या थडग्यातले नर्तक तिथे अगदी जवळून बघता येतात, त्यांच्या झुळझुळीत वस्त्रांच्या रेघांसकट. आणि आरा देल्ला रेजिना या मंदिराच्या दर्शनी भागावरचे पंखवाले दोन मातीचे घोडे. तारक्वीनियाला गेलात तर मी म्हणेन संग्रहालय आधी करा, टेकडी नंतर. मी उलट केलं होतं.

आता चेर्वेतेरी. बान्दिताच्चाची दफनभूमी रंगाने नाही, बांधणीने बोलते. बांधणी तरी कशी म्हणावी, कोरणीच ती. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला टफ नावाचा मऊ दगड, त्यात गल्ल्या, छोटे चौक, दारं, खोल्या कोरून काढलेल्या, वर मातीचे गोल टेकाडे आणि त्यांवर गवत. मुख्य रस्त्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या अजून दगडात उमटलेल्या आहेत. पुढे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमाराची चौकोनी थडगी एका ओळीत लागतात, सारख्या दर्शनी भागांची, एखाद्या आखीव पेठेसारखी. एट्रुस्कनांची राहती घरं लाकडामातीची होती, ती गेली. ती कशी होती ते आज मुख्यतः इथल्या थडग्यांवरूनच कळतं.

आणि इथे आत जाता येतं. हाच माझा निकाल. एका मोठ्या टेकाडाच्या पोटात एकाच घराण्याची वेगवेगळ्या पिढ्यांची चार थडगी आहेत. सर्वांत जुनं, इ.स.पू. सातव्या शतकाच्या आरंभीचं, झोपडीचं थडगं म्हणून ओळखलं जातं, कारण आतलं छत गवताने शाकारलेल्या छपरासारखं दोन्हीकडे उतरतं कोरलंय. आई आत आली, भिंतीला हात न लावता जवळून बघितलं आणि म्हणाली, “अरे, हे तर वेरुळातलं सुतार का झोपडाच. दगडातच लाकूड दाखवलंय.” वेरूळचं दहावं लेणं, दगडात कोरलेल्या तुळयांमुळे लोकांनीच त्याला ते नाव दिलंय. दोहोंमध्ये सुमारे तेराशे वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर, कसलाही संबंध नाही. तरी लाकूड गेलं तरी त्याचा आकार दगडाने धरून ठेवावा, ही कारागिराची माया एकच आहे. ते आईला क्षणात कळलं, कारण ती त्या छपराखाली उभी होती. काचेबाहेर उभी असती तर कळलं असतं का, मला शंका आहे.

आत दगडातच पलंग कोरलेले आहेत. ज्यांचे पाय गोल खांबांसारखे ते पुरुषांचे, आणि ज्यांच्या डोक्यापायाशी घराच्या त्रिकोणी छपरासारखी पाटी ते बायकांचे. दाराबाहेर पुरुषासाठी उभा खांब, बाईसाठी छोटं घर. मी सांगायच्या आधीच आई ते मोजायला लागली, या घरात किती जण, त्यात बायका किती. ढाली आणि खुर्च्यांच्या थडग्यात पाय ठेवायच्या चौरंगासकट कोरलेल्या खुर्च्या आहेत, मागे भिंतीवर ढाली.

इथलं सर्वांत प्रसिद्ध, इ.स.पू. चौथ्या शतकातलं मातुना घराण्याचं उठावचित्रांचं थडगं मात्र काचेआडूनच बघावं लागतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खांबांवर चुन्यात उठवून रंगवलेल्या उशा, सुऱ्या, भांडी, दोराचं वेटोळं, शिरस्त्राणं. घरातलं सगळं सामान भिंतीवर टांगून ठेवल्यासारखं. तिथे मला तारक्वीनियाचीच चुटपुट लागली, पण बाकी अनेक थडग्यांत मनसोक्त फिरून आल्यामुळे ती फार टोचली नाही.

चेर्वेतेरीची उणीव एकच आणि ती मोठी आहे. खोल्या रिकाम्या आहेत. इथलं वैभव विखुरलं. रेगोलिनी-गालास्सी थडग्यात १८३६ साली सापडलेलं सोनं व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. एका पलंगावर शेजारी रेलून बसलेलं हसतमुख नवरा-बायकोचं ते मातीचं शवपात्र रोमच्या व्हिला जूलिया संग्रहालयात आहे, तसंच दुसरं पॅरिसच्या लूव्हरमध्ये. एक गोष्ट मात्र घरी परतली. १९७१ साली इथून चोरट्या खोदकामात काढलेलं, यूफ्रोनियोसने रंगवलेलं ग्रीक मद्यपात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने पुढच्याच वर्षी दहा लाख डॉलरला घेतलं होतं. २००८ साली ते इटलीला परत मिळालं आणि आता चेर्वेतेरीच्या गावातल्या संग्रहालयात आहे. त्यावर निद्रा आणि मृत्यू हे दोघे भाऊ ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या सार्पेदोन या वीराचा देह उचलून नेताहेत. ज्या जमिनीतून ते ओरबाडलं गेलं, तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभं राहून ते बघताना माझा गळा दाटून आला होता.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर चेर्वेतेरी रोमपासून ४५ किलोमीटरच्या आसपास, तारक्वीनिया जवळजवळ दुप्पट. दोन्हीकडे स्टेशन गावापासून लांब आहे, पुढे बस लागते. तारक्वीनियात गावातून दफनभूमी सहज चालत गाठता येते, चेर्वेतेरीत गावापासून दोनेक किलोमीटर चालावं लागतं आणि उन्हाळ्यात ते जाणवतं. आम्ही जाताना टॅक्सी केली, येताना झाडांच्या सावलीतून रमतगमत चाललो. गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर मात्र विचार करायलाच नको, चेर्वेतेरीच. तारक्वीनियात प्रत्येक चित्रामागे एक खोल जिना उतरून चढायचा असतो. चेर्वेतेरीतही पायऱ्या आहेत, पण बऱ्याच ठिकाणी थोड्या.

चित्रकार असाल, किंवा फोटोंत बघितलेला तो रंग एकदा तरी प्रत्यक्ष बघायचाच असेल, तर माझं ऐकू नका, तारक्वीनियाला जा आणि गर्दी नसलेल्या दिवशी जा, म्हणजे बटण हवं तितक्या वेळा दाबता येईल. बाकीच्यांना मी असं सुचवेन. आदल्या दिवशी दुपारी व्हिला जूलियात जाऊन त्या नवरा-बायकोसमोर दहा मिनिटं थांबा, त्यांचे हात कसे आहेत ते बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर चेर्वेतेरीला जा, सोमवार टाळून. खांबशीर्षांच्या थडग्यात शिरल्यावर लगेच फोटो काढू नका. डोळे अंधाराला सरावू द्या आणि वर छताकडे बघा, दगडातल्या तुळया हळूहळू दिसू लागतात.