रीडो कालवा स्केटवे, ओटावा: पाचपैकी साडेचार, तेही बर्फ चांगला असेल तर

आधी तक्रार सांगते. हिवाळ्यात गोठलेल्या या कालव्यावर स्केटिंग करायचं, पण इथल्या बर्फाला भेगा असतात, आणि त्यातली कालव्याच्या लांबीने धावणारी भेग सगळ्यात वाईट. स्केटचं पातं बरोब्बर तिच्यात बसतं, पाय तिथेच थांबतो आणि बाकीचं अंग पुढे जातं. बंदिस्त रिंकवर शिकलेल्यांना याची सवय नसते. तिथे मशीन फिरवून बर्फ सारखा करून देतात. इथे रात्रीची थंडी, दुपारचं ऊन, मधेच पडलेला भुसभुशीत बर्फ या सगळ्याचा हिशेब पायाखाली लागतो.

तरी हिवाळ्यात पाहुणे आले की मी त्यांना इथेच आणते. सलग ७.८ किलोमीटर, तेही भर शहरातून, आणि तिकीट नाही! नॅशनल आर्ट्स सेंटरजवळ बर्फावर उतरायचं, प्रिटोरिया पूल, मग बँक स्ट्रीटचा पूल, आणि पुढे डाउज लेक. वर पुलावरून बस जाते, तिच्या खालून आपण. सकाळी पाठीला दप्तर लावून ऑफिसला निघालेले लोक भेटतात, आणि ते कुणासाठी वेग कमी करत नाहीत.

कालवा १८३२ चा, २००७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. त्यावर स्केटिंगची सोय नॅशनल कॅपिटल कमिशन या सरकारी संस्थेने १९७०-७१ च्या हिवाळ्यात सुरू केली. मला जास्त कौतुक वाटतं ते त्यामागच्या राबणुकीचं. शरद ऋतूतच कालव्याचं पाणी उतरवतात. बर्फ साधारण ३० सेंटीमीटर झाल्याशिवाय लोकांना सोडत नाहीत, कारण माणसांबरोबर साफसफाईच्या गाड्यांचंही वजन त्याला पेलायचं असतं. पडलेला बर्फ लगेच हटवावा लागतो. तो पांघरुणासारखा वर बसून राहिला तर खालचा बर्फ जाड होतच नाही. मग बर्फाला भोकं पाडून खालचं पाणी पंपाने वर खेचतात, पृष्ठभागावर पसरवतात आणि गोठू देतात. कडक थंडीत हे काम झालेल्या रात्रीनंतरची सकाळ गाठा. एकदा रेटा दिला की कुठवर घसरत जाल, सांगता येत नाही.

म्हणून घरातून निघण्याआधी कमिशनच्या साइटवर बर्फाची स्थिती बघा. कुठला पट्टा उघडा, कुठला बंद, बर्फ चांगला की बरा, सगळं तिथे असतं. ‘बरा’ लिहिलं असेल तर नवशिक्यांना नेऊ नका. किनाऱ्यावर लाल झेंडा असला तर आत बर्फ कितीही पक्का दिसो, उतरायचं नाही.

स्केट भाड्याने मिळतात. मी एका ठिकाणी घेतले होते, त्यांची पाती इतकी बोथट की वळणावर पाय नुसता आडवा सरकत होता. आता पैसे देण्याआधी पात्याच्या कडेवर नख हलकेच घासून बघते. नख खरवडलं गेलं नाही, तर दुसरा जोड मागते. देतात, तोंड वाकडं करून का होईना. फिगर स्केटच्या पुढच्या दातऱ्या भेगांत अडकतात, हॉकी स्केट बरे. लांब पात्याचे नॉर्डिक स्केट या बर्फावर सगळ्यात सुखाचे, पण ते पायाला सवय झाल्यावरच. लहान मुलांसाठी ढकलायची स्लेज घ्या, कंबर वाचेल.

बीव्हरटेल खायचाच असतो. तळलेल्या चपट्या पिठावर दालचिनी-साखर आणि वरून लिंबू पिळलेला. चॉकलेटवाला मुलांना द्या.

अर्धा तारा कापला तो बेभरवशाच्या हंगामासाठी. २०२२-२३ मध्ये बर्फ पुरेसा जाड झालाच नाही आणि स्केटवे इतिहासात पहिल्यांदाच अख्खा हिवाळा बंद राहिला. नेमके त्याच फेब्रुवारीत माझे दीर-जाऊ लांबून आले होते, स्केटिंगचे स्वेटर विणून घेऊन! यात दोष द्यायचा तरी कुणाला? पण फक्त यासाठी विमानाचं तिकीट काढणार असाल तर सोबत दुसरा बेत ठेवा. आणि विंटरल्यूड या इथल्या हिवाळी उत्सवाच्या काळात शनिवार-रविवारची दुपार टाळा. तेव्हा बर्फ कसाही असो, माणसांमधून वाट काढण्यातच वेळ जातो.