नाताळचं कृत्रिम झाड वर्षभर ठेवायचं कशात? खोका, आडवी पिशवी, उभं कव्हर की डबे

कृत्रिम झाड घेताना आपण उंची बघतो, पानांचा दाटपणा बघतो, दिवे आधीच गुंफलेले आहेत का ते विचारतो. वर्षातले अकरा महिने हे धूड राहणार कुठे, हा प्रश्न मात्र जानेवारीतच पडतो. मग घाईघाईत कुठली तरी पिशवी आणली जाते, झाड तिच्यात कोंबलं जातं आणि पुढच्या डिसेंबरात चपट्या फांद्या सरळ करण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

पिशवी की खोका हे ठरवण्याआधी झाडाची बांधणी बघा. बहुतेक कृत्रिम फांद्या बाटली घासायच्या ब्रशसारख्या बनतात: दोन तारांना पीळ देतात आणि त्या पिळात प्लॅस्टिकची बारीक पाती धरलेली असतात. तार वाकवली की तशीच राहते, म्हणूनच फांदीला हवा तसा आकार देता येतो. पण त्याच गुणामुळे चुकीचा दाब वर्षभर राहिला तर फांदी तोही आकार धरून बसते. पीव्हीसीची चपटी पाती दबून एका बाजूला झोपतात. साच्यातून काढलेली पॉलिथिलीनची पाती जाड असतात. ती कमी चपटी होतात, पण त्या झाडांच्या फांद्या वजनदार आणि फुगीर असल्याने त्यांना जागा जास्त लागते.

दुसरा फरक फांद्या खोडाला कशा लागतात याचा. बिजागरीच्या झाडात फांद्या खोडालाच जोडलेल्या असतात, छत्रीसारख्या वर मिटतात आणि झाड दोन-तीन लांब तुकड्यांत सुटतं. हुकच्या झाडात प्रत्येक फांदी वेगळी निघते. बाजारातल्या बहुतेक पिशव्या बिजागरीचं झाड डोळ्यांपुढे ठेवून शिवलेल्या असतात. हुकवाल्यांनी त्यांच्या मागे लागायचं कारण नाही, त्यांच्यासाठी पुढे वेगळं सांगितलं आहे.

मूळ खोका

फुकट, आधीच घरात असलेला आणि एकावर एक रचता येणारा. जमेच्या बाजूला एवढंच. झाड एकदा फुलवलं की ते पुन्हा त्या मापात बसत नाही, कारण कारखान्यात ते आवळून भरलेलं असतं. तेवढं आवळायचं म्हणजे पाती मोडायची. त्यात पुठ्ठा ओल शोषतो, त्याच्या थरांतला गोंद कसर आणि झुरळांना आवडतो आणि उंदराला तो कुरतडायला वेळ लागत नाही. खोका ठेवायचाच असेल तर कोरड्या खोलीत, जमिनीपासून उचलून ठेवा आणि झाड पहिल्या वर्षासारखं आत बसेल ही आशा सोडा. फांद्या वेगळ्या निघणाऱ्या छोट्या झाडाला मात्र खोका चालून जातो.

आडवी पिशवी

बिजागरीच्या झाडासाठी माझी पसंती हिलाच. साडेसात फुटांपर्यंतच्या झाडासाठीच्या पिशव्या साधारण ४ फूट लांब येतात, ९ फुटी झाडासाठीच्या साडेपाच फुटांच्या आसपास. वेष्टनावर लिहिलेल्या उंचीवर मात्र विसंबू नका. झाडाचा सगळ्यात लांब तुकडा टेपने मोजा, फांद्या मिटून बांधल्यावर त्याचा घेर किती होतो तेही मोजा आणि मगच माप ठरवा. दाट झाड असेल तर एक माप मोठंच घ्या. कारण चेन ताणून लावावी लागली तर आधी ती चेनच जाते. पिशवीचं कापड तसं चिवट असतं, पण शिवण आणि चेन हे तिचे दोन कच्चे दुवे. म्हणून दुहेरी शिवण, दोन्ही टोकांकडून उघडणारी चेन आणि बुडाखालून फिरवून शिवलेले पट्टे बघून घ्या. पट्टे नुसते बाजूला शिवलेले असतील तर जड झाड उचलताना ते उसवतात.

कापडी की प्लॅस्टिकची? विणलेल्या पॉलिएस्टरमधून थोडी हवा खेळते, त्यामुळे आत राहिलेला किंचित दमटपणा निघून जायला वाव मिळतो. पातळ प्लॅस्टिकची पिशवी धूळ आणि पाणी जास्त अडवते, पण उष्णतेत राहून कालांतराने कडक होते, घडीवर तडकते आणि आत अडकलेली ओल बाहेर जाऊ देत नाही. गळक्या छताखाली ठेवायचं असेल तरच प्लॅस्टिक घ्यावं. आधी छत दुरुस्त करावं, हे खरं म्हणजे सांगायला नको.

आडव्या पिशवीचा तोटा असा की सगळ्यात खालच्या तुकड्यावर बाकीच्यांचा भार येतो. म्हणून जड बुंध्याचा तुकडा तळाशी, मधला त्याच्या शेजारी, हलका शेंडा वर. प्रत्येक तुकडा आधी सुती पट्टीने किंवा वेलक्रोच्या पट्ट्याने बांधा. फांद्या वर मिटत असल्या तर बांधायला खालून सुरुवात करून वर जा, म्हणजे त्या आपल्या मूळ वळणातच बसतात. सुतळी किंवा तार वापरली तर ती पात्यांत रुतते. आणि पिशवीवर दुसरं काहीही रचू नका. ती खोक्यासारखी दिसते, पण खोक्यासारखा भार घेत नाही.

उभं कव्हर

यात झाड सुट्टं करायचंच नाही. फांद्या वर मिटायच्या, वरून लांब कव्हर चढवायचं, चाकांच्या बैठकीवर किंवा आपल्याच स्टँडवर ते उभं ठेवायचं. पात्यांवर दाब येत नाही, जोडणीचे सांधे दरवर्षी झिजत नाहीत आणि पुढच्या वेळी झाड मांडायला लागणारा वेळ आश्चर्य वाटावं इतका कमी होतो. आधीच दिवे गुंफलेल्या झाडाला हा पर्याय खास मानवतो, कारण अशा झाडात फांदीगणिक वायर फिरलेली असते आणि ती पुन:पुन्हा वाकली की आतली तार तुटते. नकली बर्फ फवारलेलं झाडही शक्यतो असंच उभं ठेवावं. दाबलं की तो थर भुकटीसारखा गळतो, त्यामुळे आडव्या पिशवीत दोन-तीन वर्षांत बर्फापेक्षा हिरवं जास्त दिसू लागतं.

पण जागा? झाडाच्या पूर्ण उंचीएवढी मोकळी उंची वर्षभर अडवून ठेवायची, हा चैनीचा भाग आहे. रिकामी खोली, जिन्याखालची उंच जागा किंवा मोठं कोठार असेल तरच याचा विचार करा. लहान घरात सात फुटी बुजगावणं वर्षभर कोपऱ्यात उभं राहील आणि रात्री उठलेला पाहुणा दचकेल. टेबलावरच्या दोन-अडीच फुटी झाडाची गोष्ट वेगळी. ते शोभेच्या हलक्या, न फुटणाऱ्या वस्तूंसकट जसंच्या तसं झाकून कपाटात ठेवलं तरी चालतं, फक्त काचेचं आणि बॅटरीवर चालणारं आधी काढून घ्या.

झाकणाचे डबे

हुकच्या झाडासाठी हेच उत्तम. जाड पॉलिप्रोपिलीनचे डबे एकावर एक राहतात, कसर-झुरळांना आत शिरू देत नाहीत आणि पुठ्ठ्यापेक्षा उंदरालाही बरेच जड जातात. फांद्यांच्या टोकाला रंगाची खूण असते, पण ती काही वर्षांत उडते. म्हणून ओळीनुसार जुड्या बांधून प्रत्येक जुडीवर चिकटपट्टीने क्रमांक घाला. सगळ्यात लांब फांद्या म्हणजे खालची ओळ, हे तसं दिसतंच. गडबड होते ती मधल्या ओळींत.

डब्याची खोट अशी की तो आत आलेलं काहीच सोडत नाही, ओलसुद्धा नाही. पुसलेलं झाड पूर्ण वाळल्याशिवाय झाकण लावू नका आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबरगोळ्या टाकायचा मोह आवरा. त्यांच्या वाफेने थर्मोकोलसारख्या वस्तू मऊ पडून विद्रूप होतात, वर तो वास पुढच्या नाताळापर्यंत टिकतो.

हवा काढून दाबायच्या पिशव्यांबद्दल एकच सांगायचं: झाडासाठी अजिबात नकोत. झाडाखाली पसरायचं कापड, मोजे, उशांची खोळं यांना त्या उत्तम, तीही धुऊन खडखडीत वाळवल्यावर.

जागा: माळा, तळघर की कपाट

माझ्या मते पिशवीच्या निवडीपेक्षा ही निवड महत्त्वाची आहे. साध्या खोक्यातलं झाड थंड, कोरड्या कपाटात वर्षानुवर्षं टिकेल, पण उत्तम पिशवीतलं झाड तापलेल्या पत्र्याखाली लवकर म्हातारं होईल.

थेट छताखालचा माळा उन्हाळ्यात ५० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतो. एवढ्या उष्णतेत पीव्हीसी लगेच वितळत नाही, पण मऊ होऊन दाबाचा आकार पक्का धरतं, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याचा रंग व लवचिकपणा जातो. ग्लू गनने चिकटवलेल्या वस्तू सुटू लागतात. पॅराफिनच्या मेणबत्त्या साधारण ४६ ते ६८ अंशांदरम्यान वितळतात आणि त्याच्या बऱ्याच आधी वाकतात, त्यामुळे त्यांचं माळ्यावर कामच नाही. तळघराची तऱ्हा उलटी: ऊन नाही, पण ओल. तिथे फांद्यांच्या तारा आणि स्टँडचे स्क्रू गंजतात, कापडावर बुरशी येते. तळघरच नशिबी असेल तर डबे घ्या आणि फळीवर ठेवा, जमिनीवर नको. घरातल्या कपाटाचा वरचा कप्पा किंवा पलंगाखालची जागा यांना तोड नाही, अडचण फक्त मापाची. त्यासाठी चार फुटी लांब पिशवीपेक्षा दोन लहान पिशव्यांत झाड विभागलेलं सोयीचं पडतं. माळ्यावर चढवायचं असेल तर त्याच्या दारातून पिशवी आत जाते का, हे विकत घेण्याआधीच बघा.

जुनं, पाती झडणारं पीव्हीसीचं झाड असेल तर आणखी एक काळजी घ्या. काही जुन्या झाडांत प्लॅस्टिक टिकावं म्हणून शिशाची संयुगं वापरलेली असत. असं झाड हाताळल्यावर हात धुवा, खाली पडलेली धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि ती पिशवी मुलांच्या खोलीत ठेवू नका.

शोभेच्या वस्तू: कप्प्यांचा डबा की कागदात गुंडाळणं

कप्प्यांचे तयार डबे गोल गोळ्यांसाठी छान आणि बाकी सगळ्यासाठी निरुपयोगी असतात. लांबट, टोकदार, विचित्र आकारांच्या वस्तू त्या चौकोनात बसत नाहीत. तुमच्याकडे एका मापाचे गोळे जास्त असतील तर कप्पे घ्या. दरवर्षी एखादी नवी वस्तू जमवणारं घर असेल तर साध्या उथळ डब्यात टिश्यू कागदाचे थर द्या. डबा उथळच हवा, कारण खोल डब्यात तळाची वस्तू शोधताना वरची फुटते. छापील वर्तमानपत्र टाळा, त्याची शाई उतरते. अंड्यांचे ट्रे लहान, स्वस्त गोळ्यांना ठीक आहेत, पण ते स्वच्छ आणि कोरडे असतील तरच.

काचेच्या गोळ्यांबाबत थोडं अधिक. जर्मनीतल्या लाउशा गावात १९व्या शतकात सुरू झालेल्या परंपरेतले फुंकून बनवलेले गोळे आतून चांदीने मुलामा दिलेले आणि बाहेरून रंगवलेले असतात. जुन्या गोळ्यांचा रंग ओल्या फडक्याने निघून येतो, म्हणून त्यांना मऊ कोरड्या ब्रशनेच साफ करा. टांगायचे हुक काढून वेगळ्या डबीत ठेवा, नाहीतर तेच शेजारच्या गोळ्याला ओरखडे पाडतात. धातूची टोपी मात्र तशीच राहू द्या, ती काढताना मान फुटते. घरी कणकेच्या किंवा धान्याच्या वस्तू केल्या असतील तर त्या वेगळ्या, घट्ट डबीत ठेवा. त्यांना लागलेली कीड बाकीच्या सामानात पसरते.

पाण्याने भरलेले, हलवले की आत नकली बर्फ उडतो ते काचेचे गोळे (स्नो ग्लोब) उघड्यावर ठेवू नका, कपाटातच ठेवा. कडक थंडीत पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि काच फोडतं. उन्हात तोच गोळा भिंगासारखा प्रकाश एकवटतो आणि जवळची वस्तू पेटवू शकतो. बॅटरीवर चालणाऱ्या सगळ्या वस्तूंतून सेल काढा. अल्कलाइन सेल पाझरले की आतले संपर्कबिंदू खातात. बटणाएवढे सेल मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा.

दिव्यांच्या माळा: रीळ की पुठ्ठा

विकतचं रीळ नीटस दिसतं, पण दोन्ही बाजूंना खाच पाडलेला जाड पुठ्ठा तेच काम करतो. फरक पडतो तो फक्त लांब, जाड वायरींना. महत्त्व आहे गुंडाळण्याच्या दिशेला: प्लगच्या उलट टोकापासून सुरुवात करा, म्हणजे प्लग बाहेर राहील आणि माळ न उलगडता ती लागते का ते क्षणभर तपासता येईल. जुन्या तापणाऱ्या बल्बांची माळ गुंडाळलेली असताना जास्त वेळ चालू ठेवू नका. कोपर आणि तळव्याभोवती करकचून गुंडाळायची सवय वायरीला महाग पडते. वायर उघडी पडलेली माळ कसलीच साठवू नका, टाकून द्या.

भरायचा क्रम मांडण्याच्या उलट ठेवा. पुढच्या वेळी आधी स्टँड लागेल, मग झाड, मग दिवे आणि शेवटी गोळे. म्हणून गोळ्यांचे डबे आत, मागच्या बाजूला जाऊ द्या आणि माळा पुढे. स्टँडचे स्क्रू छोट्या पिशवीत घालून स्टँडलाच बांधा, कारण ते वेगळ्या डब्यात गेले की अख्खं झाड जमिनीवर आडवं आणि घरभर शोधाशोध. डब्यांवर नावं वरच्या झाकणावर न लिहिता पुढच्या बाजूवर लिहा, एकावर एक रचल्यावर झाकण दिसत नाही.