सात खणांचा कागद: सात महिने रोज वापरल्यानंतर

ही विकत घेतलेली वस्तू नाही. आमच्या कुत्रीला कॅन्सर निघाला त्या दिवशी बेळगावच्या डॉक्टरांनी हातात दिलेला, तिचा दिवस कसा गेला ते रोज गुण देऊन मोजायचा झेरॉक्सचा एक कागद आहे. फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत रोज रात्री गिरणी बंद केल्यावर मी तो भरला. त्यामुळे चार बरेवाईट शब्द बोलायचा हक्क आपल्याला आहे असं मी धरून चालतो.

लाली दहा वर्षांची. आई मुधोळ जातीची शिकारी कुत्री, बाप कोण ते त्या आईलाच ठाऊक. मुधोळचं रक्त म्हणजे बरगड्या दिसणारच. खानापुरात आमच्याकडे दळण घेऊन येणारं प्रत्येक माणूस दहा वर्षं एकच विचारत आलंय, "मालक, पिठाच्या गिरणीत कुत्रं उपाशी कसं ओ?" ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जानेवारीत पट्टा बांधताना जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी हाताला लागल्या. दाबल्या तरी ती ओरडत नव्हती. पहिल्या ठिकाणी दाखवलं तिथे दाताची सूज म्हणून अँटिबायोटिक दिलं आणि वर एक इंजेक्शन. चार दिवसांत गाठी बसल्या, आम्ही खूश. तीन आठवड्यांनी परत आल्या त्या आवळ्याएवढ्या, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यांच्या मागेही. ते इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं हे नंतर कळलं. लिम्फोमात, म्हणजे लालीला निघालेल्या या गाठींच्या कॅन्सरात, स्टेरॉइडने गाठी तात्पुरत्या विरघळतात, निदान लांबतं, आणि पेशी सरावल्या की पुढची औषधं कमी चालतात. म्हणून एकच सांगतो: कुत्र्याला अशा न दुखणाऱ्या गाठी एकाहून जास्त जागी आल्या, तर सुईने तपासणी झाल्याशिवाय स्टेरॉइड घेऊ देऊ नका. बेळगावच्या डॉक्टरांनी सुई जबड्याखाली न घालता गुडघ्यामागच्या गाठीत घातली, कारण जबड्याखालच्या गाठी दातांमुळेही सुजतात. काचेवरचं बघून त्यांनी मला आधी खुर्ची दिली.

हा कॅन्सर बरा होत नाही, मागे ढकलता येतो, हे त्यांनी तिथेच सांगितलं. नुसत्या प्रेडनिसोलोनवर, म्हणजे स्टेरॉइडच्याच गोळीवर, महिना-दोन महिने. चार औषधांचा पूर्ण कोर्स केला तर काही कुत्री वर्षभर काढतात, पण त्यातलं डॉक्सोरुबिसिन हृदयाला जड, त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागलं असतं. घरात पुणे की गोवा यावर दोन दिवस खल झाला. शेवटी डॉक्सोरुबिसिन सोडून बाकीची तीन घेतली: व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन, सायक्लोफॉस्फमाइडची गोळी, प्रेडनिसोलोन. औषधं माणसांचीच, मेडिकलमध्ये मिळतात, आणि वाटलं होतं त्यापेक्षा स्वस्त. पैसा गेला तो दर वेळच्या रक्ततपासणीत आणि खानापूर-बेळगाव ओम्नीच्या भाड्यात.

आता कागद. अमेरिकेतल्या अॅलिस व्हिलालोबोस या जनावरांच्या कॅन्सरतज्ज्ञ बाईंनी ही मोजपट्टी केली आहे. सात खण: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येक खणाला ० ते १०, जास्त म्हणजे चांगलं. बेरीज ३५ च्या वर असेल तर जनावराचं बरं चाललंय असं धरायचं. कागद इंग्रजीत होता. मुलाने मराठी करून दिला आणि मी गिरणीच्या हिशेबाच्या लाल वहीत खण आखून घेतले. डेबिट-क्रेडिटच्या रेघा होत्याच.

पहिले तीन महिने हा सगळा प्रकार मला खुळचट वाटला. पहिल्या व्हिन्क्रिस्टिननंतर आठवड्याभरात गाठी गेल्या आणि लाली अशी धावायला लागली की शेजारच्या कोंबड्या दिवसाही खुराड्यात. बेरीज ६२, ६३, ६१. हे काय रोज लिहायचं? तरी लिहीत राहिलो, सवय म्हणून. आज म्हणेन, या कागदाचा निम्मा उपयोग त्या तीन महिन्यांच्या पानांत होता. माझ्या लालीचा चांगला दिवस म्हणजे किती, हे तिथे लिहिलेलं होतं. ज्यांनी कुत्रं आजारी पडून शेवटाला आल्यावर मोजायला सुरुवात केली, त्यांच्याकडे ताडून बघायला काही नसतं.

खरी गंमत घरात झाली. मी रात्री ५५ लिहिले की बायको म्हणायची, पन्नाससुद्धा नाहीत. आई म्हणायची, "बायकोला काय विचारूलायस, मला विचार की. दिवसभर माझ्यापाशी असते ती." तिचं म्हणणं सत्तरपैकी सत्तर. यावरून चक्क भांडणं झाली. शेवटी बायकोने चिंचोक्यांचा डबा काढला. प्रत्येक खणाला प्रत्येकाने मुठीत दहापर्यंत चिंचोके घ्यायचे आणि एकदम मुठी उघडायच्या. शनिवारी मुलगा बेळगावहून आला की चौथी मूठ. तेव्हा कळलं की आम्ही चौघं चार कुत्री बघतोय. आई बघायची ती तिच्या हातून भाकरी खाणारी. बायको बघायची ती पहाटे चारला अंगणात धापा टाकणारी. मी बघायचो ती गिरणीच्या दारातली, आणि दळणाच्या घाईत मी तिच्याकडे किती बघत होतो देव जाणे. मुलगा आठवड्यातून एकदा बघायचा, म्हणून उतार त्याला आधी दिसायचा. जूनमध्ये चालण्याच्या खणात आमचे आठ-आठ आणि त्याचे पाच. आम्ही त्याच्यावर चिडलो. सोमवारी मी मुद्दाम बघितलं: गिरणीची पायरी ती पूर्वी उडी मारून चढायची, आता आधी पुढचे दोन पाय, मग थांबून मागचे.

आता दोष. मोठा दोष भुकेच्या खणात. प्रेडनिसोलोनवर असलेल्या कुत्र्याला हा खण सरळसरळ फसवतो. त्या गोळीने भूक राक्षसासारखी लागते. लालीने जात्याखालचं पीठ चाटलं, टोपलीतल्या सात भाकऱ्या एका दमात संपवल्या, एकदा आईच्या उघड्या तळहातावरचा चिंचोकासुद्धा पळवला. रोज दहापैकी दहा. आणि मे महिन्यात अंग पुसताना माझी बोटं कण्यावरून फिरली तर मणके टोचले. बरगड्या कायमच दिसणाऱ्या जातीत मांस जातंय हे डोळ्यांना कळत नाही. मग दर रविवारी तिला धान्याच्या वजनकाट्यावर उभं केलं. फेब्रुवारीत साडेएकवीस किलो, मेअखेर एकोणीस, ऑगस्टमध्ये सतरा. तेव्हापासून भुकेच्या खणात आम्ही काट्याला विचारून आकडा टाकला. तुमच्याकडे धान्याचा काटा नसेल तर स्वतः कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा.

पाण्याचा आणि स्वच्छतेचा खणही तसाच बिघडतो. प्रेडनिसोलोनवर कुत्रं बादली बादली पाणी पितं आणि तेवढंच बाहेर काढतं. खानापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, जुलैत रात्री दोनदा प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन तिला अंगणात नेणं काय असतं ते. ती दारात उभी राहून पाऊस बघायची, मग माझ्याकडे बघायची, आणि परत येऊन पोत्यावर करायची. स्वच्छतेत तीन गुण. पण यात तिचं दुखणं काही नव्हतं, त्रास आमचा होता. तो खण तिचा की आपला, हे कागद सांगत नाही.

गोळ्यांबद्दल थोडं. सायक्लोफॉस्फमाइडची गोळी तोडायची नाही, हातमोजे घालून सकाळीच द्यायची, म्हणजे दिवसभर लघवी होऊन जाते. नाहीतर मूत्राशय आतून सोलवटतं. आम्ही हे सगळं पाळलं, तरी जूनच्या शेवटी लघवीत रक्त दिसलं आणि डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरी दिली. औषधानंतर दोन-तीन दिवस तिची घाण हातमोज्यांशिवाय पुसायची नाही, हे आईला पटवताना माझ्या नाकी नऊ आले. तिचं म्हणणं, "दहा वर्षं पुसले की, मेले काय?" आईने एकदा स्वतःची गुडघेदुखीची गोळीही लालीसाठी काढून ठेवली होती. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला द्यायच्याच नाहीत, त्यात प्रेडनिसोलोनसोबत दिल्या तर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो. व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर गळलं तर मांस जळतं, म्हणून त्या वेळी तिने हलता कामा नये. पहिल्या दिवशी माझेच हात थरथरत होते. तिथला मदतनीस म्हणाला, "एन आगंगिल्ल बिड्री," काही होत नाही, सोडा, आणि त्याने लालीपेक्षा मलाच जास्त घट्ट धरलं.

दुखण्याच्या खणात श्वासही धरायचा असतो. कुत्रं दुखणं लपवतं, श्वास लपवत नाही. गाढ झोपेत मिनिटाला तीसच्या आत श्वास असावेत. मोबाईलवर मिनिट लावून पोटाकडे बघत बसायचं. ऑगस्टपर्यंत अठरा, वीस.

आनंदाच्या खणाशी आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. आनंदाला दहापैकी किती, हे माणसाचंही सांगता येत नाही. मग मुलाने तोड काढली. लालीच्या तीन गोष्टी लिहून काढल्या: गिरणीचा पट्टा फिरायला लागला की उठून दारात येणं, शनिवारी मुलगा कोपऱ्यावर दिसायच्या आत भुंकणं, आणि कोंबड्या. तिन्ही असतील तर नऊ, दोन तर सहा, एक तर तीन. यात भावनेला जागा राहत नाही, आणि तेच बरं. कोंबड्या जुलैत गेल्या. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गाठी परत आल्या. आता औषध बदललं तर थोडे दिवस मिळतील, पण पहिल्यासारखे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही थांबलो. नुसतं प्रेडनिसोलोन चालू ठेवलं. त्यानंतरच्या शनिवारी मुलगा येऊन तिच्या शेजारी बसला तेव्हा तिने शेपूट हलवली, भुंकली मात्र नाही.

गणपती आले. फटाक्यांची लालीला दहा वर्षं दहशत. पहिला बार झाला की आईच्या खाटेखाली, ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. या वर्षी आगमनाची माळ आमच्या दारापुढेच लावली. ती पोत्यावर पडून होती, कान हलला, डोकं उचललं नाही. कागदात भीतीला खण नाही. मी त्या रात्री वहीच्या समासात लिहिलं: भ्यायली नाही. बेरीज ३४.

पुढचे चार दिवस ३१, ३३, ३०, २९. झोपेतला श्वास ४४. शेवटच्या खणासाठी मी मागची पंधरा पानं मोजली, चांगले दिवस तीन. आईची मूठ त्या रात्री उघडलीच नाही. ती म्हणाली, "माझे पण तुझ्यातच धर."

आकड्याने आमच्या वतीने निर्णय घेतला नाही. ३५ ला कुठे घंटा वाजत नाही. पण तिघांना एकाच रात्री एकच कुत्री दिसली, आणि नंतर कुणी कुणाला तू घाई केलीस किंवा तू ओढलंस असं म्हटलं नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका घरात याच गोष्टीवरून दोन भाऊ वर्षभर बोलत नाहीत. एवढ्यासाठी पाचपैकी चार तारे. एक कापला तो भुकेच्या खणासाठी.

डॉक्टर घरी आले. सकाळी अकराला, पाऊस उघडला होता. आधी गुंगीचं इंजेक्शन, ती घोरायला लागल्यावर दुसरं. तेवढा वेळ गिरणी मी चालू ठेवली होती, पट्ट्याचा आवाज तिला जावा म्हणून. दळण कुणाचंच नव्हतं.

तिला मागे फणसाखाली पुरलं. संध्याकाळी बायकोने चिंचोके परत डब्यात भरले. दोन दिवसांनी लालीचं पोतं झाडलं तेव्हा त्यातून एक चिंचोका पडला, कडेला दात उमटलेला. मेमध्ये आईच्या हातातून पळवलेला तोच असणार. आईने तो पुसला आणि डब्यात टाकला.