खांद्याची डे-केअर शस्त्रक्रिया आणि डेक्सामेथासोन : रत्नागिरीतील एका खासगी रुग्णालयाचा अनुभव

झेल्याने आंबे काढताना माझ्या वडिलांच्या उजव्या खांद्याचा स्नायुबंध फाटला आणि रत्नागिरीतील एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीद्वारे त्याची दुरुस्ती झाली. सकाळी दाखल करून संध्याकाळी घरी सोडण्याची ही सेवा आहे. शस्त्रक्रिया उत्तम झाली, कर्मचारी अदबीने वागले आणि बिलात काही लपवाछपवी नव्हती, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही. लिहायचे आहे ते वेदनाशमनाविषयी, कारण एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी घरी जायचे की नाही, हे शेवटी त्यावरच ठरते.

भूलतज्ज्ञांनी मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर केल्या (यालाच 'ब्लॉक' म्हणतात) आणि त्याच वेळी शिरेतून 8 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिले. हे स्टेरॉइड सूज आणि मळमळ कमी करते आणि नसांच्या ब्लॉकचा परिणाम काही तासांनी लांबवते. ब्लॉक उतरताना खांद्यात एकदम उसळणारा ठणका हीच या शस्त्रक्रियेची खरी परीक्षा असते, आणि सकाळी दिलेला ब्लॉक बहुधा नेमका रात्री, घरी कोणी जाणकार नसताना उतरतो. आमचे गाव गुहागर तालुक्यात आहे. जयगड-तवसाळ फेरीबोट रात्री बंद असते आणि मग रस्त्याने मोठा वळसा घ्यावा लागतो. अशा ठिकाणी ही वेदना पहाटेपर्यंत पुढे ढकलली जाणे म्हणजे केवढा आधार, हे ज्यांनी घरी रुग्ण सांभाळला आहे त्यांना सांगायला नको. वडील उशांना टेकून, हात झोळीत ठेवून रात्रभर शांत पडून होते. ठणका सुरू झाला तो उजाडल्यावर, आणि ब्लॉक उतरण्याची वाट न पाहता वेळेवर दिलेल्या पॅरासिटामॉलमुळे तो सोसवेल इतकाच राहिला.

आता तक्रार. वडिलांना मधुमेह आहे, याची नोंद त्यांच्या केसपेपरवर ठळक होती. डिस्चार्ज कार्डावर मात्र 'इंजे. डेक्सा' एवढेच लिहिलेले होते. या औषधाने पुढच्या दिवसभरात रक्तातील साखर वाढू शकते, याचा त्यात उल्लेख नव्हता आणि तोंडीही कोणी तसे सांगितले नाही. आईने नेहमीच्या मायेने मऊ पेज दिली आणि दुपारी ग्लुकोमीटरवर 287 हा आकडा आला. आम्ही फोन केल्यावर भूलतज्ज्ञांनी तत्परतेने समजावून सांगितले, मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून गोळ्यांची मात्राही ठरवली आणि दुसऱ्या दिवशी साखर उतरली. तेच दोन वाक्यांत आधी सांगितले असते, तर आईचा जीव टांगणीला लागला नसता. झोप न लागणे हाही या औषधाचा परिणाम असू शकतो, तोही लिहून द्यायला हवा.

स्टेरॉइड या शब्दाला घाबरून मात्र कोणी नकार देऊ नये. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॅडी' या मोठ्या चाचणीत मधुमेही रुग्णांचाही समावेश होता. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या 8 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनच्या एका डोसामुळे जखमेतील जंतुसंसर्ग वाढल्याचे तीत आढळले नाही. शिरेतून दिलेला असा एक डोस आणि सांध्यात वारंवार घेतली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने या निराळ्या गोष्टी आहेत. नुकत्याच शिवलेल्या स्नायुबंधाजवळ अशी इंजेक्शने सर्जनच्या सल्ल्याशिवाय कदापि घेऊ नयेत.

शस्त्रक्रिया आणि भूल यांसाठी मी या रुग्णालयाला पूर्ण गुण देतो, घरी पाठवतानाच्या माहितीसाठी निम्मे. खाडीपलीकडच्या किंवा दूरच्या वाडीतील रुग्णाने सुट्टी घेण्यापूर्वी ब्लॉक अंदाजे किती वाजता उतरेल, पहिली गोळी केव्हा घ्यायची, साखर किती वेळा तपासायची आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे कार्डावर लिहूनच घ्यावे.